काळा लॅब्राडोर, वन बीएचके आणि एकच फ्लॅश

प्रश्न थोडक्यात असा आहे. डोंबिवलीतलं वन बीएचके घर, चार वर्षांचा काळा लॅब्राडोर, नाव मोती. (काळ्या कुत्र्याचं नाव मोती ठेवणारं घर मला न पाहताच आवडलं.) जुना क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) डीएसएलआर, ५० एमएम लेन्स, नुकताच घेतलेला मॅन्युअल फ्लॅश, तो दुरून उडवणारा ट्रिगर, स्टँड आणि फ्लॅशचा उजेड पसरवणारी पांढरी छत्री. फोटोत मोती म्हणजे दोन डोळे असलेला काळा डाग दिसतो, नाकावर आणि कपाळावर पांढरे चट्टे येतात, मधूनच डोळे हिरवे चमकतात. फ्लॅशची पॉवर वाढवली की चट्टे वाढतात, मोती होता तेवढाच काळा राहतो. पाच-सहा फोटो झाले की तो पलंगाखाली जाऊन बसतो. तुम्ही विचारलंय की सेटिंग काय ठेवू, दुसरा फ्लॅश घेऊ की मोठा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी), आणि फ्लॅशने त्याच्या डोळ्यांना इजा तर होत नाही ना?

मी पुण्यात लोकांच्या घरी जाऊन पाळीव प्राण्यांचे फोटो काढते. गिऱ्हाईक बहुतेक कुत्रेच, आणि घरं बहुतेक तुमच्यासारखीच: दहा बाय बाराचा हॉल, सोफा, टीव्हीचं युनिट आणि उरलेल्या जागेत कुत्रा. त्या अनुभवावरून सांगते की तुमच्या प्रश्नात सेटिंगचा भाग सगळ्यात छोटा आहे. मोतीला प्रकाश कमी पडत नाहीये. प्रकाश चुकीच्या जागेवरून येतोय आणि जिथून येतोय ती जागा फार लहान आहे. काळ्या कुत्र्याच्या बाबतीत निम्म्याहून जास्त काम एवढ्यावर होतं. पलंगाखाली जाणं हा वेगळा प्रश्न आहे आणि तो आधी सोडवावा लागेल, कारण कुत्राच समोर नसेल तर बाकीच्या चर्चेला अर्थ नाही.

काही गोष्टी मला इथून दिसत नाहीत: भिंतींचा रंग, छताची उंची, मोतीचा स्वभाव, तुम्ही फोटो रात्री काढता की दिवसा. त्यानुसार पुढचे आकडे थोडे इकडेतिकडे होतील.

आधी पलंगाखालचा मोती. कुत्रा फ्लॅशला घाबरतो असं आपण म्हणतो, पण बऱ्याचदा तो उजेडाला घाबरलेलाच नसतो. फ्लॅश चार्ज होताना बारीक शिट्टीसारखा आवाज करतो. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४५,०००च्या आसपास. म्हणजे आपल्याला जेमतेम जाणवणारं ते चार्जिंग त्याच्या कानाशी चाललेलं असतं. वर बऱ्याच फ्लॅशमध्ये ‘तयार आहे’ सांगणारा बीप असतो, तो मेनूत जाऊन बंद करा. छत्री उघडतानाचा फट्‌कन आवाज आणि क्षणात समोर पसरलेला मोठा पांढरा आकार, हेही अनेक कुत्र्यांना खपत नाही. म्हणून स्टँड-छत्री सगळं मोती दुसऱ्या खोलीत असतानाच उभं करायचं आणि मग त्याला आत आणायचं.

आपल्याकडे आणखी एक भानगड असते, ती म्हणजे दिवाळी. फटाक्यांना आणि विजांना घाबरणाऱ्या कुत्र्याच्या डोक्यात ‘लख्ख उजेड, पाठोपाठ धडाम’ ही जोडी पक्की बसलेली असते. आपला फ्लॅश बिचारा धडाम करत नाही, पण कुत्रा त्याची वाट बघत अंग चोरून बसतो. दिवाळीच्या आगेमागे दोन-तीन आठवडे मी अशा कुत्र्यांची कामं घेतच नाही. मोती फटाक्यांना घाबरत असेल तर तुम्हीही तेवढे दिवस जाऊ द्या.

सवय लावायची रीत सोपी आहे, वेळ मात्र लागतो. पहिल्या दिवशी नुसता स्टँड हॉलमध्ये उभा ठेवा आणि त्याच्या पायांशी चिकनचे तुकडे टाका. बाकी काही करू नका. त्याने वास घेऊन दुर्लक्ष करायला सुरुवात केली की फ्लॅश सगळ्यात कमी पॉवरला, म्हणजे पूर्ण पॉवरच्या १/१२८ ला, त्याच्यापासून लांबच्या भिंतीकडे तोंड करून एकदा उडवा आणि लगेच तुकडा द्या. क्रम महत्त्वाचा: फ्लॅश आधी, खाऊ नंतर. उलटं केलंत तर हातातला खाऊ दिसला की आता काहीतरी विचित्र होणार, असा तो अर्थ लावतो आणि मग चिकन दाखवूनही पलंगाखालून बाहेर येत नाही. काही कुत्रे दहा मिनिटांत तयार होतात, काहींना आठवडा लागतो. जिभेने सारखं नाक चाटणं, झोप आलेली नसताना जांभया, कान मागे, डोळ्यांच्या कडेचं पांढरं दिसणं, यातलं काहीही दिसलं की त्या दिवशीचं काम बंद. फोटोत जांभई हसल्यासारखी दिसते, त्यावर जाऊ नका.

खाऊ म्हणून उकडलेलं, मीठ-मसाला नसलेलं चिकन सगळ्यात चांगलं. शाकाहारी घरात पनीर चालतं. मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा हे पदार्थ कुत्र्याला द्यायचेच नसतात. फोटोच्या धांदलीत मुलं हाताला येईल ते देतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवा.

डोळ्यांचं म्हणाल तर छत्रीतून किंवा भिंतीवरून पसरून आलेल्या फ्लॅशने निरोगी डोळ्याला इजा होत नाही. क्षणभर दिपतात, आपलेही दिपतात. फ्लॅश थेट तोंडासमोर हातभरावर धरून उडवायचा नाही, हे सांगायला नकोच. मात्र कुत्र्याला फिट येत असतील, मोतीबिंदू किंवा काचबिंदू असेल, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं असेल किंवा पिल्लू अगदीच लहान असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. ते होईपर्यंत खिडकीच्या उजेडात काम भागवा, तेही फोटो छानच येतात.

आता काळा डाग. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे एकदा कळलं की पुढचं तुमचं तुम्हालाच सुचेल.

कोणत्याही वस्तूवर पडलेला प्रकाश दोन प्रकारे परत येतो. एक, वस्तू तो थोडा शोषते आणि उरलेला सगळीकडे विखुरते. त्यातून आपल्याला तिचा रंग दिसतो. दोन, प्रकाश पृष्ठभागावरून आरशासारखा ज्या कोनात आला त्याच कोनात उडून जातो. त्याला आपण चमक म्हणतो. काळे केस पहिल्या प्रकारात जवळजवळ काहीच परत देत नाहीत. दुसऱ्या प्रकारात मात्र ते सोनेरी लॅबच्या केसांपेक्षा फारसे मागे नसतात. म्हणजे काळ्या कुत्र्याचा गाल कुठे वळतो, मान कुठे सुरू होते, छाती किती भरलेली आहे, हे सगळं फोटोत त्या चमकेमुळेच कळतं.

काळी मोटारगाडी आठवा. रात्री रस्त्यावरच्या एका दिव्याखाली ती म्हणजे अंधारात एक पांढरा ठिपका. तीच गाडी सकाळी ढगाळ आकाशाखाली पाहिली की दाराचा, बॉनेटचा एकेक बाक दिसतो. रंग तोच, पण आता अख्खं आकाश तिच्यात उमटलेलं असतं.

तुमच्या मांडणीत छत्री कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी आहे, असा माझा अंदाज आहे. तिथून गेलेला प्रकाश चमकून कॅमेऱ्याकडे परत येणार तो फक्त कॅमेऱ्याकडे तोंड केलेल्या भागांवरून, म्हणजे नाक आणि कपाळ. हे झाले तुमचे पांढरे चट्टे. गाल, मान, पाठ यांच्यावर पडलेला प्रकाश भलतीकडेच उडून जातो आणि तिथे काळोख राहतो. अशा वेळी पॉवर वाढवली तर चट्टे आणखी पांढरे होतात. काळोखाला काहीच फरक पडत नाही.

म्हणून छत्री हलवा. जमिनीवर एक घड्याळ काढलंय असं समजा. मोती मध्यभागी, तुम्ही ६ वर. छत्री ३ वर ठेवून सुरुवात करा, मग हळूहळू २ कडे सरकवा, म्हणजे ती मोतीच्या बाजूला आणि किंचित मागे जाईल. प्रकाश आता त्याच्या अंगाला घासून तुमच्याकडे येतो आणि गालापासून खांद्यापर्यंत एक रुंद रुपेरी पट्टा उमटतो. केसांचा पोत पहिल्यांदा तेव्हा दिसतो. दुसऱ्या बाजूला, ९ ते १० च्या मध्ये, पांढरा सनबोर्ड, म्हणजे फोमचा हलका, ताठ पुठ्ठा उभा करा. छपाईच्या दुकानात मिळतो तोच, तीन बाय चार फुटांचा पुरे. तो उजेड परत फेकतो आणि त्या बाजूच्या काळ्या केसांनाही चमकायला एक पांढरी जागा मिळते. छत्री २ च्या पलीकडे गेली तर उजेड थेट लेन्समध्ये घुसून फोटो धुवट होतो. मध्ये काळ्या कार्डशीटचा आडोसा धरला की ते थांबतं.

उंचीबद्दल एक वाक्य: आपण माणसांच्या सवयीने स्टँड फार उंच करतो. जमिनीवर बसलेल्या लॅबचं डोकं साधारण अडीच फुटांवर असतं, तेव्हा छत्रीचा मध्य साडेतीन-चार फुटांवर असला की झालं.

आणि छत्री जवळ आणा. जवळ आणल्यावर चट्टे आणखी भगभगीत होतील अशी भीती वाटते, पण तसं होत नाही. पसरट उजेडाचं प्रतिबिंब जवळ आल्यावर मोठं होतं, जास्त पांढरं होत नाही. उलट केसांचा स्वतःचा गडद रंग मात्र उजळतो. त्यामुळे चमक आणि काळेपणा यांच्यातलं अंतर कमी होतं आणि फोटो डोळ्याला मऊ लागतो. लांब ठेवलेली छत्री आणि उघडा फ्लॅश यांच्यात काळ्या कुत्र्यापुरता फारसा फरक उरत नाही.

इथे तुमच्या घराचा आकार मध्ये येतो. जवळ आणलेली छत्री, तिचा स्टँड आणि आनंदलेल्या लॅबची शेपटी, हे तिघे दहा फुटांच्या हॉलमध्ये फार वेळ गुण्यागोविंदाने नांदत नाहीत. शेपटी बरोबर स्टँडच्या पायांच्या उंचीवर असते. छत्रीच वापरायची असेल तर स्टँडच्या पायावर पाच किलो आट्याची पिशवी ठेवा, किंवा एखाद्या शहाण्या माणसाला स्टँड धरून उभं करा.

मी स्वतः अशा घरांत छत्री उघडतच नाही. भिंत वापरते. फ्लॅश भिंतीपासून तीनेक फुटांवर, तोंड भिंतीकडे, फ्लॅशचा झूम २४ वर, म्हणजे झोत रुंद. भिंतीवर साधारण चार फुटांचा उजेडाचा पट्टा तयार होतो आणि तोच आपला सॉफ्टबॉक्स. फुकटात मिळतो, पडत नाही आणि मोतीला त्यात घाबरण्यासारखं काही दिसत नाही, कारण भिंत तो रोजच बघतो. फ्लॅश कपाटावर किंवा पुस्तकांच्या फळीवर ठेवला तर स्टँडही नको. फक्त फ्लॅशचा थेट उजेड मोतीवर पडू नये म्हणून त्याच्या बाजूने काळ्या कार्डशीटचा तुकडा रबरबँडने अडकवा. सगळेजण छतावर फ्लॅश मारायचा सल्ला देतात. माणसांच्या ग्रुप फोटोला तो ठीक आहे. काळ्या कुत्र्याचं त्यात फक्त टाळकं आणि पाठ चमकते, डोळे आणि हनुवटी अंधारात जातात.

भिंतीचा रंग मात्र बघावा लागतो. पीच, पिस्ता, लॅव्हेंडर हे आपल्या बिल्डरांचे आणि सोसायट्यांचे लाडके रंग. सोनेरी कुत्र्यावर ते फोटो काढल्यानंतर सुधारता येतात. काळ्या कुत्र्यावर नाही, कारण त्याच्या अंगावर दिसतंय ते भिंतीचंच प्रतिबिंब. लॅव्हेंडर भिंत वापरलीत तर मोती जांभळट झळकेल. भिंत रंगीत असेल तर तिच्यावर पांढरी चादर ताणून लावा, खिळ्यांना किंवा पडद्याच्या दांडीला. चादरीला भरपूर नीळ घातलेली असेल तर किंचित निळी झाक येते, पण ती व्हाइट बॅलन्समध्ये सहज निघते.

आता आकडे, कारण तुम्ही तेच विचारले होते. कॅमेरा मॅन्युअल मोडवर. शटर १/१६०, अ‍ॅपर्चर एफ/५.६, आयएसओ ४००. छत्री तीन फुटांवर असेल तर फ्लॅश १/३२ पासून सुरू करा, भिंतीवरून मारत असाल तर १/८ पासून. मोतीला बोलवायच्या आधी त्याच्या जागी एक काळी सॅक ठेवून हे सगळं जुळवून घ्या. सॅक कंटाळत नाही.

त्यामागचं कारण असं. पहिल्यांदा ट्रिगर बंद ठेवून एक फोटो काढा. तो जवळजवळ पूर्ण काळा यायला हवा. याचा अर्थ खोलीतल्या दिव्यांचा फोटोत वाटा नाही आणि एलईडीच्या पिवळ्या-हिरव्या झाकेची कटकट मिटली. या परिस्थितीत मोतीला गोठवण्याचं काम शटर करत नाही, फ्लॅश करतो. कमी पॉवरला फ्लॅशचा झोत सेकंदाच्या साधारण दहा हजाराव्या भागाएवढाच टिकतो, त्यामुळे हललेली शेपटीसुद्धा स्पष्ट येते. पूर्ण पॉवरला तोच झोत बराच लांबतो आणि चार्ज व्हायलाही वेळ खातो. म्हणून पॉवर कमी ठेवून आयएसओ ४०० किंवा ८०० करायला कचरू नका. शटर तुमच्या कॅमेऱ्याच्या सिंक मर्यादेपर्यंतच न्या. फ्लॅशसोबत नीट चालणारा सगळ्यात जलद शटर वेग म्हणजे ही मर्यादा, ती बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० असते. ट्रिगर लावल्यावर अगदी काठावर कधी कधी फोटोच्या खालच्या बाजूला काळी पट्टी येते, म्हणून मी १/१६० सांगितलं. हाय स्पीड सिंकच्या, म्हणजे ती मर्यादा ओलांडून फ्लॅश वापरायच्या सोयीच्या, नादी लागू नका. घरात त्याची गरज नाही आणि पॉवर फुकट जाते.

एफ/५.६ का, तर लॅबच्या नाकामुळे. क्रॉप सेन्सरवर ५० एमएम, कुत्रा पाच फुटांवर आणि अ‍ॅपर्चर एफ/१.८ असेल तर स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम सहा सेंटिमीटर खोल असतो. डोळ्यांवर फोकस केला की नाक गेलं. एफ/५.६ ला तोच भाग एकोणीस सेंटिमीटरच्या आसपास जातो आणि नाक, डोळे, कानांची मुळं सगळं त्यात बसतं. कारवानसारख्या लांब तोंडाच्या कुत्र्याला मी एफ/८ वर जाते. खिडकीच्या उजेडात एवढं अ‍ॅपर्चर परवडत नाही. फ्लॅश घेण्याचं खरं सुख मला यातच वाटतं.

अंतराचाही हिशोब लक्षात असू द्या. मोती छत्रीपासून तीन फुटांवरून दोन फुटांवर सरकला तर त्याच्यावरचा उजेड दुपटीहून जास्त होतो, म्हणजे एका स्टॉपहून अधिक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). सहा फुटांवरून पाच फुटांवर आला तर फरक अर्ध्या स्टॉपचाच. बसून राहणाऱ्या कुत्र्याला छत्री जवळ चालते. घोळ घालणाऱ्या कुत्र्याला भिंतच बरी, कारण भिंत लांब असूनही मोठी असते आणि त्याने थोडी हालचाल केली तरी एक्स्पोजर बिघडत नाही. मोती यातला कोणता, ते तुम्हाला ठाऊक.

एक्स्पोजर बरोबर आहे की नाही हे ठरवताना हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या गडद-उजळ भागांचा आलेख, डावीकडे म्हणजे गडद बाजूला साचलेला दिसेल. दिसू दे, कुत्राच काळा आहे. मी जिभेकडे बघते. जीभ गुलाबी आणि तिच्यावरच्या रेषा दिसत असतील तर सगळं ठीक. जीभ फिकट पडली तर पॉवर एक घर खाली. पुढेमागे टीटीएलवाला, म्हणजे पॉवर स्वतःच ठरवणारा फ्लॅश घेतलात तर तो काळ्या कुत्र्याला राखाडी करायला बघतो आणि पांढऱ्या पॉमला मळकं करतो. तेव्हा काळ्यासाठी फ्लॅशची भरपाई उणे एक आणि पांढऱ्यासाठी अधिक एक, इथून सुरुवात करायची.

हिरव्या डोळ्यांचं कारण म्हणजे कुत्र्याच्या दृष्टिपटलामागे असलेला चकाकणारा थर. रात्री कमी उजेडातही दिसावं म्हणून तो आत आलेला प्रकाश परत फिरवतो, आणि फ्लॅश लेन्सच्या जवळ असेल तर तो परतलेला प्रकाश थेट आपल्या फोटोत येतो. फ्लॅश आपल्या घड्याळातल्या ३ च्या बाजूला नेलात की हा त्रास आपोआप जातो. सोबत आणखी एक करा: खोलीतले दिवे सगळे चालू ठेवा. फोटोवर त्यांचा परिणाम नाही हे आपण वर पाहिलंच, पण त्यांच्या उजेडात मोतीच्या बाहुल्या लहान होतात आणि डोळ्यांचा तपकिरी रंग दिसतो. अंधाऱ्या खोलीत काढलेल्या फोटोत डोळे नुसते काळे गोटे दिसतात.

उजेड बाजूला गेल्यामुळे एक नवी अडचण येईल, ती आधीच सांगते. लांबच्या डोळ्यात चमकीचा ठिपका येणार नाही आणि तो डोळा निर्जीव वाटेल. त्यावर उपाय फ्लॅश पुढे आणणं हा नाही. मोतीचं नाक उजेडाकडे वळवा. म्हणजे दुसरं माणूस हवं, आणि त्याने छत्रीच्या किंवा भिंतीवरच्या पट्ट्याच्या बाजूला उभं राहून चिकनची डबी हातात धरायची. नाक तिकडे वळलं की दोन्ही डोळ्यांत ठिपके येतात. फोकसलाही ठिपका उपयोगी पडतो, मात्र फ्लॅश फोकसनंतर उडतो, म्हणून तो घरातल्या दिव्याचा हवा. काळ्या केसांवर जुना ऑटोफोकस चाचपडत राहतो, पण घरातल्या दिव्यामुळे डोळ्यात ठिपका असेल तर तो तिथे पटकन बसतो. मधला फोकस पॉइंट जवळच्या डोळ्यावर ठेवा. सोनीने २०१९ मध्ये काही मिररलेस कॅमेऱ्यांना प्राण्यांचे डोळे ओळखणारा फोकस दिला आणि पाठोपाठ इतरांनीही दिला. तो असेल तर काम हलकं होतं, पण निव्वळ त्यासाठी कॅमेरा बदलू नका. फोकससाठी लागणारा लाल दिवा मात्र बंद करा, कुत्र्यांचा त्यावर भारी राग.

प्रत्यक्ष काढायच्या दिवशी मोतीला आधी फिरवून आणा आणि घरी आल्यावर धाप पूर्ण शमू द्या. डोळ्यांचे कोपरे ओल्या कापसाने पुसा, अंगावरून ब्रश फिरवा आणि शेवटी ओलसर फडकं. बाजूने आलेल्या उजेडात काळ्या केसांवरचा प्रत्येक कोंडा आणि धुळीचा कण चांदणीसारखा दिसतो, नंतर ते एकेक पुसत बसायला तास जातो. चकचकीत टाइल्सवर त्याला बसवू नका. त्या फ्लॅश परत फेकतात आणि त्याचे पाय घसरतात. त्याचीच रोजची गोधडी अंथरा, रंगही मिळतो आणि आपल्या वासाच्या जागेवर तो निवांत बसतो. मागे काळा सोफा नको. मोहरी, विटकरी, मध्यम राखाडी असं काहीतरी, आणि मोती त्याच्यापासून चार फूट पुढे. जागाच नसेल तर बेडरूमचं दार उघडून त्या दिशेने फोटो काढा, मोतीच्या मागे तेवढंच अंतर मिळतं. तुम्ही स्वतः जमिनीवर आडवे व्हा.

‘मोती, मोती, इकडे बघ’ असा घरभर गजर करू नका. चौथ्या हाकेला तो कान पाडतो. त्याने कधी न ऐकलेला एखादा आवाज राखून ठेवा आणि सगळं जुळलं की एकदाच काढा. मान तिरकी होईल, तोच तुमचा फोटो. दहा-पंधरा मिनिटांत थांबा, तो अजून खुशीत असतानाच. पुढच्या वेळी स्टँड बघून तो स्वतःहून गोधडीवर येऊन बसला, तर समजा जमलं.

संगणकावर फारसं काही करायचं नाही. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा, सावल्या थोड्या उचला. फार उचलल्या तर काळ्याचा राखाडी-जांभळा चिखल होतो. फोटोत काही भाग पूर्ण काळा राहिला तरी चालेल, मोती काळाच आहे.

आता खरेदी. दुसरा फ्लॅश आत्ता नको. सॉफ्टबॉक्सही नको, भिंत त्याहून मोठी आहे. सनबोर्डचे दोन तुकडे, काळी कार्डशीट आणि चांगल्या रिचार्जेबल सेलचा एक जास्तीचा संच, एवढं घ्या. सेल उतरत आले की फ्लॅश उशिरा चार्ज होतो आणि मान तिरकी झालेली असताना नेमका उडत नाही. महिना-दोन महिन्यांनी पाठीमागून केसांची कड उजळावी असं वाटायला लागलं तर दुसरा फ्लॅश घ्या. तुमच्या ट्रिगरच्याच कंपनीचा घ्या, मॅन्युअल चालेल, म्हणजे नवीन ट्रिगरचा खर्च वाचेल.

मोतीचे नवे फोटो दाखवाल तेव्हा सोबत मोबाइलने काढलेला एक फोटो अख्ख्या खोलीचाही टाका, फ्लॅश, भिंत आणि सनबोर्ड दिसतील असा. मोतीच्या फोटोपेक्षा त्यावरून मला जास्त सांगता येईल.